बाबासाहेबांनी लढविलेला एक विस्मृत खटला आणि र. धों. कर्वे

दरवर्षी १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या लढ्यांची उजळणी करतो. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, हिंदू कोड बिल. वक्ता यवतमाळचा असो की पुसदचा, यादी हीच असते. या यादीत १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांनी लढविलेल्या एका खटल्याचे नाव सहसा येत नाही. तो खटला बाबासाहेब हरले म्हणून येत नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. हरलेल्या लढाया सांगायला आपल्याला कधी लाज वाटली नाही. खरी गोष्ट अशी की त्या खटल्याचा विषय चारचौघांत उच्चारायचा आपल्याला संकोच वाटतो. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण या दोन विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना छापील उत्तरे दिली, म्हणून एका संपादकावर अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला होता. त्या संपादकाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. संपादकाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी कर्व्यांचा मुलगा एवढीच ओळख आज शिल्लक आहे. तीही सर्वांना नाही. म्हणून आधी त्यांचे आयुष्य सांगणे भाग आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातील दापोलीजवळच्या मुरूडचा. धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले अपत्य. १८९१ साली, रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, आई राधाबाई बाळंतपणात वारली. हा मृत्यू लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे ज्या माणसाने बायकांच्या लादलेल्या बाळंतपणांविरुद्ध सारे आयुष्य वेचले, त्याच्या घरातच ही घटना घडलेली होती. तिचा आणि पुढच्या कार्याचा थेट संबंध जोडण्याचा मोह होतो, पण चरित्रकारांनी असे दोरे फार ताणू नयेत असे माझे मत आहे. नऊ वर्षांचे पोर आईविना झाले, एवढे पुरे.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. ही बाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. मुरूडच्या ब्राह्मणांनी या लग्नाची शिक्षा म्हणून कर्वे घराण्यावर बहिष्कार घातला. आपल्याला बहिष्कार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मात्र येथे एक फरक आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. आपल्यावरचा बहिष्कार जन्माने येतो, कर्व्यांवरचा कृतीने आला होता. त्यांना प्रायश्चित्त घेऊन परत फिरण्याची वाट होती, आपल्याला ती कधीच नव्हती. तरीही परत फिरायची वाट उघडी असताना जो फिरत नाही, त्याच्या घरात वाढलेल्या मुलावर काय संस्कार होत असतील याचा अंदाज करता येतो. समाज एकमुखाने एखाद्याला पापी म्हणतो तेव्हा समाजच चुकलेला असू शकतो, हे त्या मुलाने पुस्तकातून नव्हे तर घरात पाहिले.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली बी. ए. झाला. गणित हा विषय. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी फ्रान्सला जाऊन आला, फ्रेंच उत्तम शिकला, आणि त्या भाषेतून युरोपातील कामशास्त्रावरील नव्या लिखाणाचा खजिना त्याच्या हाती लागला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. पगार होता, प्रतिष्ठा होती, वडिलांचे नाव होते. सुखाने निवृत्त होऊन पेन्शन खात बसावे अशी सगळी सोय होती.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातील हे पहिले केंद्र. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी तिकडचे पहिले केंद्र उघडले. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती, बरोबर होती. १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. संततिनियमन आणि स्त्रीचा शरीरसुखाचा हक्क यांवर प्राध्यापक महाशय उघडपणे बोलू लागताच कॉलेजच्या मिशनरी चालकांनी त्यांना राजीनामा द्यायला लावला. येथे सनातनी हिंदू आणि सनातनी ख्रिस्ती यांचे छान एकमत झाले. हे एकमत आपल्या देशात वारंवार होते, याच लेखात ते पुढे पुन्हा दिसेल.

नोकरी गेली. पत्नी मालतीबाईंनी साथ दिली. दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता, आणि त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती, पत्नीला पुढे केले नव्हते. आजही आपल्या जिल्ह्यातील कुटुंबनियोजनाच्या शिबिरात रांगेत बायकाच उभ्या असतात, हे पाहिले की त्या माणसाचे वेगळेपण कळते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. साल ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली गेली. एकीकडे पाण्यावरचा सनातन्यांचा ताबा मोडला जात होता, तर दुसरीकडे गिरगावातला एक बेकार झालेला गणिताचा प्राध्यापक शरीरावरचा ताबा मोडू पाहत होता. दोघांची ओळख तोवर असो वा नसो, शत्रू एकच होता.

मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर ही लपविण्याची, लाजण्याची वस्तू नाही असा त्यामागे विचार होता. त्यावर बरीच ओरड झाली. मला स्वतःला मुखपृष्ठावर नेहमी स्त्रीच का, हा प्रश्न पडतो. पण या मासिकाचा खरा जीव मुखपृष्ठात नव्हता, प्रश्नोत्तरांत होता. वाचक पत्र लिहून प्रश्न विचारीत आणि संपादक उत्तर देई. घरातल्या वडीलधाऱ्याला, वैद्याला, गुरुजीला, भटजीला, कोणालाही विचारता येत नाही असे प्रश्न. माझ्या शरीरात काही बिघाड आहे काय? मी करतो ते पाप आहे काय? मला जे वाटते ते मला एकट्यालाच वाटते काय?

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील माणसांनी हे सदर समुपदेशन म्हणून वाचायला हवे. त्या काळी समुपदेशक हा शब्दही कोणाच्या कानावर नव्हता. प्रश्न विचारणाऱ्याला संपादकाने दम दिला नाही, त्याला ब्रह्मचर्यावरचे प्रवचन ऐकवले नाही, लग्न करून टाक म्हणजे सगळे ठीक होईल असे सांगून वाटेला लावले नाही. जे शास्त्राला ठाऊक होते ते साध्या मराठीत सांगितले. भीतीने पछाडलेल्या माणसावरचा पहिला उपचार हाच असतो. आपल्याकडे आजही बसस्टँडच्या भिंतींवर धातुरोग, नपुंसकता, बालपणीच्या चुका अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात. माणसाला आधी घाबरवायचे आणि मग त्या भीतीची पुडी बांधून विकायची, हा त्यांचा धंदा. कर्व्यांनी त्या धंद्याच्या मुळावरच घाव घातला होता. त्यांचे शत्रू केवळ धर्ममार्तंड नव्हते.

पहिला खटला १९३१ साली झाला. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल पुण्याच्या सनातनी मंडळींनी तक्रार केली. शंभर रुपये दंड झाला, आणि उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दुसरा कोणी असता तर येथे थांबला असता. कर्व्यांनी मासिक चालूच ठेवले. डिसेंबर १९३३ मध्ये मासिकाचा गुजराती अंक निघाला. त्यातील वाचकांच्या प्रश्नांच्या उत्तरांवरून फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील हा काळ काय होता हे वाचकांना सांगायला नको. पुणे करार होऊन दीड वर्षही झाले नव्हते. काळारामचा सत्याग्रह चालू होता. देशभरातील सवर्ण वर्तमानपत्रे त्यांच्यावर आग पाखडीत होती. अशा वेळी ज्याचे नाव घेतले तरी लोक नाक मुरडतात त्याचे वकीलपत्र घेणे म्हणजे आपल्या शत्रूंच्या हाती आयते कोलीत देणे होते. यात राजकीय लाभ शून्य होता आणि फी तरी काय मिळणार होती? नोकरी गेलेला संपादक, तोट्यात चाललेले मासिक. तरीही त्यांनी वकीलपत्र घेतले, आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत हे प्रकरण चालले.

कायद्याची बाजू थोडी समजून घेऊ. अश्लीलता ठरविण्याची कसोटी तेव्हा इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्यातून आलेली होती. एखाद्या लिखाणाचा कोणताही तुकडा सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकाला बिघडवू शकतो काय, एवढेच त्यात पाहायचे. संपूर्ण पुस्तकाचा हेतू काय, लेखक शास्त्र सांगतो आहे की चाळवतो आहे, याला किंमत नव्हती. या कसोटीवर शरीरशास्त्राचे पाठ्यपुस्तकही दोषी ठरेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी सोडून दिली ती २०१४ साली, अवीक सरकार खटल्यात. म्हणजे बाबासाहेब जो किल्ला फोडत होते, तो पडायला पुढे ऐंशी वर्षे लागली.

बाबासाहेबांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी अशी की हे मासिक लैंगिक शिक्षणासाठीच काढलेले आहे. मग वाचक लैंगिक प्रश्नच विचारणार. सामान्य माणसाने मनातला प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर का द्यायचे नाही? उत्तर द्यायचे नाही असे म्हणणे म्हणजे मासिकच बंद करा असे म्हणणे होय. असले विकृत प्रश्न छापायची गरजच काय, असा आक्षेप पुढे आला. त्यावर त्यांचे म्हणणे असे की एखादी गोष्ट विकृती आहे असे क्षणभर धरले तरी विकृती ज्ञानाने जाते, तोंड दाबून जात नाही.

दुसरी पायरी अधिक मोठी होती. समलिंगी आकर्षणाविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा आधार घेतला. ज्यांच्या ठायी अशी इच्छा निसर्गतःच आहे, त्यांना त्यांच्या पद्धतीने सुख मिळविण्याचा हक्क का नसावा, अशा दिशेने त्यांनी मांडणी केली. एका वकिलाच्या नजरेतून पाहता हे धाडस कळते. एलिस यांचे समलैंगिकतेवरील पुस्तक इंग्रजीत १८९७ साली आले आणि १८९८ मध्ये ते विकल्याबद्दल लंडनमध्ये जॉर्ज बेडबरो या माणसावर खटला भरला गेला होता. ज्या लेखकाचे पुस्तक साहेबाच्या देशातच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तोच लेखक बाबासाहेबांनी साहेबाच्या न्यायालयात साक्षीला आणला. शिवाय तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ पूर्ण जोमात होते. मेकॉलेने मसुदा केलेल्या, १८६२ पासून अमलात आलेल्या त्या कायद्यात निसर्गविरुद्ध संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. जे कायदा निसर्गविरुद्ध म्हणतो ते निसर्गातच असते असे भर न्यायालयात सुचविणे, हे केवळ आपल्या पक्षकाराची कातडी वाचविणाऱ्या वकिलाचे काम नव्हते.

खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आता आजच्या वाचकांपैकी काही विचारतील की या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? समलिंगी वगैरे ही श्रीमंतांची, मुंबई-पुण्याकडची थेरं. हे वाक्य मी आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. वास्तविक पाहता हे आपल्या गावात, आपल्या वस्तीत, आपल्या विहारात आहे. वकिलीच्या व्यवसायात ते दिसते. घटस्फोटाच्या दाव्यात दोन्ही बाजूंचे कागद वाचता वाचता लक्षात येते की येथे भांडण हुंड्याचे नाही, दारूचे नाही. मुलाने लग्नाला नकार दिला होता, आईने जीव देण्याची धमकी दिली, चार नातेवाइकांनी धरून बोहल्यावर उभे केले. त्यानंतर त्या मुलीचे आयुष्यही मातीमोल झाले. तिचा काय गुन्हा? मुलाने तिला फसवले हे खरे, पण त्याला खरे बोलण्याची एकही जागा समाजाने ठेवली नव्हती हेही तितकेच खरे. कर्वे स्त्रीच्या बाजूचे होते म्हणून समलिंगी पुरुषांच्या बाजूचे नव्हते असे झाले नाही. लादलेले लग्न दोघांनाही जाळते, हे त्यांच्या भूमिकेतून आपोआप निघते.

मनाच्या जखमेबद्दल आपल्या समाजाला विशेष सांगावे लागू नये. वर्गात शेवटी बसवलेले पोर, वसतिगृहात आडनाव लपविणारा विद्यार्थी, कोटा शब्द निघताच खाली जाणारी मान हे सारे आपण जाणतो. अपमान बाहेरून येतो आणि हळूहळू आत वस्ती करतो. मग दुसऱ्याने हिणवायची गरज उरत नाही, माणूस स्वतःच स्वतःला हिणवू लागतो. अमेरिकन संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये समलिंगी व्यक्तींच्या मानसिक ताणाविषयी हेच मांडले. त्यांच्यात आढळणारे नैराश्य त्यांच्या आकर्षणातून येत नाही. सततचा तिरस्कार, तो होईल ही धास्ती, आणि स्वतःला लपवीत राहण्याचा शीण यांतून ते येते.

मात्र एक भयंकर फरक आहे. शाळेत जातीवरून अपमान झालेले आपले पोर रडत घरी येते तेव्हा घरात आई असते. तिनेही तोच अपमान सोसलेला असतो. ती पदराने डोळे पुसते, बाप भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवतो. समलिंगी मुलगा घरी येतो तेव्हा त्याला ते आईपासूनच लपवावे लागते. त्याचे घर हीच त्याच्या भीतीची पहिली जागा असते. आणि जो मुलगा दलितही आहे आणि समलिंगीही, त्याला बाहेर जात लपवावी लागते, घरी मन लपवावे लागते. त्याने पदर शोधायचा कोठे?

आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून देशाला माहीत झाला. त्यातून निदान एवढे झाले की मानसिक आरोग्य हा शब्द गावात पोहोचला. २०१५ नंतर शासनाचा प्रेरणा प्रकल्प आला, समुपदेशनाची भाषा जिल्हा रुग्णालयापर्यंत आली. परंतु एखाद्या तरुणाने विहीर जवळ केली की कागदावर आजारपणाला कंटाळून असे लिहून मोकळे होण्याची आपली जुनी पद्धत आहे. आजार कोणता, तो त्याला होता की आपल्याला, हे कोणी विचारत नाही.

डॉक्टरी शास्त्राने आपली चूक कधीच सुधारली. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्ट सांगतो की समाजाच्या नैतिक कल्पनांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने समलिंगी व्यक्तीला बदलून देण्याच्या नावाखाली चालणाऱ्या उपचारांना मनाई केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणजे कोणी आईबाप मुलाला घेऊन विजेचे झटके देणाऱ्याकडे किंवा भगताकडे निघाले असतील, तर त्यांना थांबविण्यासाठी कायदा आज मुलाच्या बाजूला आहे. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांकही ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. कार्यकर्त्यांनी तो पाठ करावा.

कलम ३७७ चा शेवट कसा झाला ही गोष्टही कर्व्यांच्या खटल्याचाच पुढचा भाग आहे असे मी मानतो. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. त्याविरुद्ध हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती संघटना आणि ज्योतिषीसुद्धा एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेले. विल्सन कॉलेजच्या वेळचे तेच जुने एकमत. ११ डिसेंबर २०१३ ला तो निकाल उलटला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने समलिंगी संबंध गुन्हामुक्त केले. २००९ आणि २०१८ या दोन्ही निकालांचा कणा कोणता? घटनात्मक नैतिकता. बहुसंख्यांना काय आवडते ही नैतिकता नव्हे, घटना काय सांगते ती. ही संकल्पना न्यायालयाने घेतली ती बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणातून. १९३४ साली जे हिक्लिनच्या कसोटीसमोर हरले, ते स्वतः लिहिलेल्या घटनेच्या बळावर २०१८ मध्ये जिंकले. त्या दिवशी न्यायालयाच्या आवारात नाचणाऱ्या किती तरुणांना हे ठाऊक होते, आणि आपल्यापैकी किती जणांना हा आपलाही विजय वाटला? दोन्ही बाजूंचे अज्ञान सारखेच. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला गेला आहे, ती लढाई बाकी आहे.

कायद्याने गुन्हा पुसला जातो, लाज पुसली जात नाही. लाज पुसायला आपली माणसे लागतात. आपल्याकडे ते काम जलशांनी केले. वामनदादा कर्डकांच्या गाण्याने ताठ झालेल्या माना कोणत्याही कायद्याने ताठ केल्या नसत्या. समलिंगी तरुणांचे तसेच आहे. १९९० साली मुंबईत अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ काढले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि ‘पार्टनर’सारखे पुस्तक मराठीत लिहिले. नागपुरात सारथी ट्रस्ट काम करतो. सप्तरंगी झेंडे घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीकडे पाहून तमाशा म्हणून हसणाऱ्यांनी आठवावे, आपल्या जयंतीच्या मिरवणुकीलाही कोणी तरी असेच हसत होते. चारचौघांत आपले नाव मोठ्याने घेता येणे हा जखम भरण्याचा भाग असतो. दिल्लीच्या अशा मिरवणुकीत २०१५ मध्ये काही तरुणांनी आपण दलितही आहोत हे जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्यांना तिथल्या जातीवाद्यांचाही सामना करावा लागला. म्हणजे तिकडेही झाडू मारायला पुष्कळ जागा आहे.

कर्व्यांची आरती ओवाळावी असे मला वाटत नाही. त्या काळच्या संततिनियमनाच्या जगभरच्या चळवळीवर सुप्रजननाच्या कल्पनांची, म्हणजे चांगली प्रजा कोणाची आणि वाईट कोणाची या हिशेबाची छाया होती, आणि आपण ते साहित्य डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळासाठी तयार केलेला आणि १० नोव्हेंबरला पी. जे. रोहम यांनी मांडलेला संततिनियमनाचा ठराव वेगळ्या पायावर उभा होता. बाईच्या जिवाची होणारी ओढाताण आणि गरिबाच्या घरातील दैन्य हा त्याचा पाया. तो ठरावही फेटाळला गेला. काँग्रेसचे सरकार होते.

दंड भरून कर्वे पुन्हा मासिकाच्या कामाला लागले. ना संस्था, ना देणगीदार, ना शिष्यपरिवार. त्याच १९३४ साली ‘आधुनिक कामशास्त्र’ हे पुस्तक आले. वडिलांचा महर्षी म्हणून देशभर सत्कार होत होता आणि थोरला मुलगा गिरगावात वर्गणीदारांचे पत्ते लिहीत होता. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये ‘ध्यासपर्व’ या चित्रपटात आणि अजित दळवींनी २०१७ च्या ‘समाजस्वास्थ्य’ नाटकात हे एकाकीपण दाखवले आहे. चित्रपटात किशोर कदम यांनी रघुनाथरावांचे काम केले.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजन हा अधिकृत कार्यक्रम म्हणून स्वीकारला. तीस वर्षे ज्यासाठी एक माणूस शिव्या खात होता, ते सरकारी धोरण झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, रघुनाथराव गेले. ही तारीख आपल्या वाचकांच्या कानाला ओळखीची वाटेल. बरोबर तीन वर्षांनी त्याच दिवशी नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले. कर्वे वारले तेव्हा त्यांचे वडील पंचाण्णव वर्षांचे होते आणि हयात होते. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबर १९५३ चा अंक संपादकाच्या मृत्यूनंतर बाहेर पडला. सव्वीस वर्षे चाललेल्या त्या मासिकाचा तो शेवटचा अंक.